पॅरालीगल सर्टिफिकेटला पैसे भरण्याआधी: खर्च, कमाई आणि नोकरीचा पूर्ण हिशेब

निकालांचे दिवस आले की 'कायद्याचा एखादा छोटा कोर्स करू का?' असं विचारणारे बरेच जण भेटतात. कुणी पदवी हातात घेऊन घरी बसलेलं असतं. कुणी वकिलांकडे क्लार्क म्हणून चार-पाच वर्षं काढलेली असतात आणि पगार पुढे सरकत नसतो. मुलं शाळेत जायला लागल्यावर तालुक्याच्या कोर्टाजवळच काहीतरी काम मिळावं, अशी कुणाची इच्छा असते. जाहिरात या सगळ्यांना एकच दिसते, 'सहा महिन्यांत पॅरालीगल व्हा, लीगल क्षेत्रात करिअर घडवा'. पॅरालीगल म्हणजे स्वतः वकील नसलेला, पण कायद्याच्या कामात वकिलांना किंवा ऑफिसला मदत करणारा माणूस. उत्तर मात्र प्रत्येकासाठी वेगळं आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. कोर्स चांगला की वाईट, हा प्रश्न नंतरचा. आधी आपल्याला कोणत्या टेबलावर बसायचं आहे, म्हणजे नेमकं कुठे आणि कोणतं काम करायचं आहे, ते ठरवावं; मग त्या टेबलासाठी कोणता कागद लागतो ते आपोआप दिसतं. बऱ्याच वेळा तो कागद जाहिरातीतला नसतोच. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत. पैसे भरण्याची पायरी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे.

पायरी १: हा कागद कायद्याने काय देतो, ते समजून घ्या

आपल्याकडे वकिली करण्याचा अधिकार १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने फक्त बार कौन्सिलच्या सूचीवर नाव असलेल्या वकिलांना दिला आहे. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट असो किंवा वर्षाचा डिप्लोमा, त्यावर तुम्हाला पक्षकारातर्फे कोर्टात उभं राहता येत नाही आणि वकील म्हणून सल्ल्याची फी घेता येत नाही. वकिलांसाठी जशी बार कौन्सिल आहे तशी पॅरालीगलना परवाना देणारी कोणतीही संस्था भारतात नाही. म्हणून 'सरकारमान्य पॅरालीगल लायसन्स' असे शब्द जाहिरातीत दिसले तर त्या संस्थेचा विचार तिथेच थांबवा.

एलएलबीचा रस्ताही या कोर्सने आखूड होत नाही. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं, सीईटी, मग सनद (वकिलीचा परवाना) आणि बारची परीक्षा, हा क्रम तसाच राहतो. घरबसल्या किंवा दूरशिक्षणाने केलेली एलएलबी बार कौन्सिल धरत नाही, त्यामुळे 'डिप्लोमाचे क्रेडिट पुढे एलएलबीत मिळतील' हे आश्वासन लेखी मागा. ते लेखी मिळेल असं मला वाटत नाही.

विधी स्वयंसेवकाची गोष्ट वेगळी आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये पॅरालीगल व्हॉलंटिअर (पीएलव्ही) योजना आणली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण निवड करतं, प्रशिक्षण देतं, ओळखपत्र देतं आणि कामावर बोलावलेल्या दिवसाचं मानधन देतं. यासाठी उमेदवाराला फी भरावी लागत नाही. ही समाजसेवा आहे, दरमहा पगाराची नोकरी नाही. पण कायद्याच्या कामाची तोंडओळख म्हणून याच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही. तुरुंगातले कच्चे कैदी, पोटगीसाठी आलेल्या बायका, शिधापत्रिकेत अडकलेली म्हातारी माणसं असे सगळे प्रश्न थेट समोर येतात. 'पीएलव्ही बनवतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सरळ जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

पायरी २: टेबल ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

पहिलं टेबल वकिलांच्या ऑफिसमधलं. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी हेच सगळ्यात सहज मिळतं. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहणं, तारखा डायरीत चढवणं, वकालतनाम्यावर (पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रावर) कोर्ट फी लावणं, दावा दाखल करून घेणं, ऑफिसने काढलेली हरकत दूर करणं, नकलेचा (कोर्टातल्या कागदांच्या प्रतींसाठीचा) अर्ज देणं, बेलिफकडे (समन्स पोहोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडे) समन्सच्या बजावणीची चौकशी करणं, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद) उतरवून घेणं, हे इथलं काम. वकिलांच्या कारकुनांची कोर्टात नोंदणी होते आणि ओळखपत्र मिळतं. त्यासाठी वकिलांनी तुमचं नाव द्यावं लागतं, कोणत्या संस्थेचं सर्टिफिकेट आहे याला तिथे फारसं महत्त्व नसतं. वकील माणूस घेताना तीन गोष्टी पाहतात: मराठी आणि इंग्रजी टायपिंग स्वच्छ आहे का, तारीख चुकत नाही ना, आणि पक्षकाराचं गुपित पोटात राहतं का. या टेबलासाठी महागडा कोर्स घेणं मला पटत नाही.

दुसरं टेबल खुद्द न्यायालयातलं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी मोठी भरती जाहीर केली होती. एकूण ४,६२९ जागांपैकी २,७९५ कनिष्ठ लिपिकांच्या आणि ५६८ लघुलेखकांच्या होत्या. लिपिकाला मागणी होती पदवीची आणि टायपिंगची: इंग्रजी मिनिटाला ४० शब्द, मराठी ३०. पॅरालीगल सर्टिफिकेटची अट नव्हती. लिपिकाची वेतनश्रेणी १९,९०० पासून सुरू होणारी, लघुलेखकाची ३८,६०० पासून, आणि दोन्हींवर भत्ते वेगळे. एकाच इमारतीत, एकाच भरतीत मूळ वेतन जवळजवळ दुप्पट, आणि हा फरक पाडणारं कौशल्य म्हणजे लघुलेखन. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग आणि लघुलेखनाच्या परीक्षांना कुणी 'लीगल करिअर' म्हणून जाहिरात करत नाही. पण कोर्टात नोकरी हवी असलेल्या मुलामुलींना मी पहिला सल्ला हाच देते: त्या परीक्षा आधी द्या, एमएस-सीआयटी सोबत ठेवा. लघुलेखन कठीण आहे, रोज हात चालवावा लागतो, बरेच लोक मध्येच सोडतात. म्हणूनच पुढे टिकणाऱ्याला त्याची किंमत मिळते.

तिसरं टेबल जमीन-घरांच्या कागदांचं. बँकेच्या पॅनेलवरचे वकील, बिल्डरांची कार्यालयं, पुनर्विकासात गेलेल्या सोसायट्या, भाडेकराराची नोंदणी करून देणारे, अशा सगळ्यांना कागद वाचू शकणारा माणूस हवा असतो. सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना वाचून बोजा किंवा कुळाची नोंद ओळखणं, फेरफारांची साखळी मागे नेणं, भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन) दिसला की विक्रीला परवानगी लागेल हे लक्षात येणं, सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश) आणि मालमत्ता पत्रकातली नावं जुळवणं, ही कामं वकील नसलेल्या हुशार माणसालाही शिकता येतात. शेवटच्या अहवालावर सही वकिलांचीच असते, पण तीस वर्षांचा शोध घेऊन कागद मांडणारे हात दुसरे असतात. माझ्या पाहण्यात छोट्या शहरांत सगळ्यात लवकर पगार वाढतो तो इथे. मालमत्ता कायदा आणि नोंदणीवर खरा भर देणारा कोर्स सापडला तर त्याच्यावर पैसे खर्च करण्यात अर्थ आहे.

चौथं टेबल कंपन्यांचं. पुण्या-मुंबईतल्या लॉ फर्म, कंपन्यांचे लीगल विभाग आणि परदेशी फर्मची कागदपत्रं तपासणारी केंद्रं बहुतेक पदांसाठी एलएलबी झालेलाच उमेदवार मागतात. बाहेरून नुसतं सर्टिफिकेट घेऊन आत शिरणं अवघड आहे. मात्र तुम्ही आधीच एखाद्या कंपनीत प्रशासन, खरेदी किंवा सेक्रेटरिअल विभागात असाल, तर करार वाचायला शिकवणारा कोर्स अंतर्गत बढतीत उपयोगी पडतो. अशा वेळी फी कंपनी भरेल का, हे आधी एचआरला विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत आणि बरेच जण विचारतच नाहीत.

पाचवं टेबल कामगार आणि एचआरचं. इथे विद्यापीठांचा पदवीनंतरचा कामगार कायद्यांचा डिप्लोमा चांगला ओळखीचा आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी या औद्योगिक पट्ट्यांत एचआरमध्ये जायचं असेल तर सर्वसाधारण पॅरालीगल कोर्सपेक्षा तो जास्त कामाचा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एकच सूचना. जोडीदाराबरोबर कॅनडाला जायचं ठरलं असेल आणि 'तिकडे पॅरालीगलला मागणी आहे' म्हणून इथे कोर्स घेत असाल तर थांबा. ओंटारियोमध्ये पॅरालीगल हा २००७ पासून परवान्याचा व्यवसाय आहे, आणि परवाना तिथल्या मान्य संस्थेत शिकून, तिथली परीक्षा देऊनच मिळतो. इथलं सर्टिफिकेट त्यासाठी चालत नाही.

पायरी ३: बाजाराला विचारा, संस्थेला नाही

टेबल ठरलं की त्या कामाच्या वीस-पंचवीस जाहिराती गोळा करा. नोकरीची संकेतस्थळं, वर्तमानपत्रं आणि कोर्टातली सूचनाफळी पाहा. वहीत तीन रकाने पाडा: शिक्षण काय मागितलं, कौशल्य काय मागितलं, पगार किती लिहिला. पंचवीसपैकी किती ठिकाणी 'पॅरालीगल सर्टिफिकेट' हे शब्द आले ते मोजा. दोन-तीन ठिकाणीच आले तर तुमचं उत्तर निम्मं तयार आहे.

मग ज्या टेबलावर बसायचं आहे तिथे आज बसलेल्या तीन माणसांना भेटा. 'कोर्स कसा आहे?' असं विचारू नका, सगळे 'चांगला असतो' म्हणतात. विचारा की तुमच्या ऑफिसात शेवटचा माणूस कसा घेतला, त्याच्याकडे काय होतं, आणि सुरुवातीला हातात किती मिळाले. वकिलांना गाठायचं तर दुपारच्या सुटीत बार रूमबाहेर किंवा संध्याकाळी त्यांच्या ऑफिसात. सकाळी साडेदहाला कुणालाच सवड नसते.

पायरी ४: सगळा खर्च कागदावर मांडा

माहितीपत्रकात फी लिहिलेली असते, पण तुमचा खर्च फीपेक्षा मोठा असतो. एक नमुना हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा, छत्रपती संभाजीनगरमध्ये वकिलांकडे महिना १०,००० रुपयांवर काम करणारी एक पदवीधर मुलगी सहा महिन्यांचा खासगी कोर्स घेते आहे. फी ३५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ६,३००. पुस्तकं आणि परीक्षा फी ३,०००. जाण्या-येण्याचा खर्च महिना १,२०० धरला तर ७,२००. वर्ग शनिवारी असल्यामुळे चोवीस शनिवारांची बिनपगारी रजा, दिवसाला ४०० प्रमाणे ९,६००. बेरीज ६१,१००. माहितीपत्रकातल्या ३५,००० च्या पावणेदोनपट!

जीएसटीच्या ओळीकडे मुद्दाम बघा. कायद्याने मान्य असलेली पदवी किंवा पदविका देणाऱ्या शिक्षणाला हा कर माफ असतो. पावतीवर १८ टक्के लागले असतील तर बहुधा तुम्ही मान्यताप्राप्त पात्रता घेत नसून खासगी शिकवणी घेत आहात. शिकवणी वाईट असते असं नाही, पण 'मान्यताप्राप्त डिप्लोमा' या दाव्याशी तो कर जुळत नाही, एवढं संस्थेच्या समुपदेशकाला जरूर विचारा.

आता याच्या शेजारी दुसरे पर्याय लिहा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावीनंतर करता येतो, किमान मुदत एक वर्ष, आणि फी खासगी संस्थांपेक्षा बरीच कमी. नोकरी सांभाळून तो करता येतो. ग्राहक संरक्षण आणि मानवी हक्कांवरची त्यांची सर्टिफिकेटंही आहेत. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर कायद्याचे विषय फुकट शिकता येतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क पडतं. टायपिंगच्या परीक्षेसाठी बार्टी, सारथी, महाज्योती किंवा अमृत या वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थांपैकी तुम्हाला लागू असलेल्या संस्थेची योजना सध्या चालू आहे का, तेही बघून घ्या.

पायरी ५: मिळकत मोजताना स्वतःला फसवू नका

संस्थेचा माणूस असा हिशेब सांगतो: आज १०,०००, कोर्सनंतर १४,०००, म्हणजे महिना ४,००० जास्त. ६१,१०० भागिले ४,०००, साधारण सव्वापंधरा महिन्यांत पैसे वसूल. ऐकायला छान आहे.

पण ही मुलगी सहा महिने काहीच न करता बसणार नव्हती. कोर्स न करता, फक्त अनुभव वाढवून आणि टायपिंग सुधारून ती दुसऱ्या वकिलांकडे १२,००० वर गेली असती. म्हणजे सर्टिफिकेटमुळे झालेली वाढ ४,००० नसून २,००० आहे. वसुलीला लागणारा काळ एकदम साडेतीस महिने होतो. आणि १४,००० ची नोकरी मिळेलच याची खात्री नाही. शक्यता निम्मी धरली तर सरासरी वाढ महिना १,०००, आणि वसुली एकसष्ट महिन्यांत, म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळात. तोच कोर्स, तीच फी, फक्त प्रश्न नीट विचारला की पंधरा महिन्यांची पाच वर्षं होतात.

हाच हिशेब कमी फीच्या डिप्लोमासाठी करून पाहा. समजा एकूण खर्च १५,००० आला, तर महिना १,००० च्या वाढीवरही सव्वा वर्षात पैसे निघतात. मी सगळ्यांना एक मर्यादा सांगते: सगळ्या शंका विचारात घेऊन, कमीत कमी वाढ धरून केलेल्या हिशेबात दोन वर्षांच्या आत वसुली होत नसेल तर तो कोर्स घेऊ नका. दोन वर्षांत तुमचा अनुभवच त्या कागदाच्या पुढे गेलेला असेल.

मिळकतीत पैशाखेरीज काही गोष्टीही येतात, त्या नाकारू नयेत. शिक्षणात खंड पडलेल्या बाईला वेळापत्रक, वर्गमैत्रिणी आणि 'आपण हे करू शकतो' हा विश्वास मिळतो. तो मोलाचा आहे आणि त्यासाठी कुणी पैसे खर्च केले तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. फक्त ती रक्कम स्वतःशी वेगळी लिहा: 'इतके नोकरीसाठी, इतके माझ्यासाठी.' दोन्ही एकाच रकान्यात टाकले की विक्रेत्याला फावतं.

आणि वय तिशीच्या आत असेल, पदवी झालेली असेल, कायद्यात मन खरोखर रमत असेल, तर तीन वर्षांच्या एलएलबीचा हिशेबही शेजारी मांडा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनद घेतानाचं नोंदणी शुल्क खुल्या गटासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांच्या वर नेता येणार नाही असा निकाल दिला, त्यामुळे शेवटच्या टप्प्यावरचा मोठा अडसर कमी झाला आहे. अनुदानित विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर तीन वर्षांची फी एखाद्या महागड्या सहा महिन्यांच्या कोर्सपेक्षा कमी पडू शकते. वेळ मात्र जास्त लागतो, आणि घरची परिस्थिती ती मुभा देते का, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

पायरी ६: अभ्यासक्रम तपासा

माहितीपत्रकातलं विषयांचं पान उघडा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत. अभ्यासक्रमात फक्त जुनी दंडसंहिता आणि जुना पुरावा कायदा असेल तर नोट्स जुन्या आहेत. फक्त नवे कायदे असतील तरीही अपुरं आहे, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते आणि तशी प्रकरणं कोर्टात अजून बरीच वर्षं चालतील. चांगला शिक्षक दोन्ही कलमं शेजारी ठेवून शिकवतो. कामगार कायद्यांचं तसंच: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा त्या विषयात काय बदललं ते विचारा.

त्यानंतर हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं ईमेलवर घ्या:

- प्रमाणपत्रावर शिक्का कुणाचा? विद्यापीठाचा, की 'सहकार्याने' असं लिहिलेल्या एखाद्या ट्रस्टचा?
- शिकवणारे रोज कोर्टात जाणारे वकील आहेत का? एक वर्ग फुकट बसून ऐकू द्याल का?
- प्रत्यक्ष काम किती तासांचं? ई-फायलिंग, नकलेचा अर्ज, दस्त नोंदणी हे हाताने करून घेता का?
- मागच्या तुकडीतल्या कुणाशी बोलायला मिळेल का? 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे नेमकं काय करता?
- मराठीत काम शिकवता का?

शेवटचा प्रश्न हलका वाटेल, पण आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, प्रतिज्ञापत्र हे सगळं तिथे मराठीत चालतं. दिल्लीहून इंग्रजीत चालणारा ऑनलाइन कोर्स तुम्हाला उच्च न्यायालयाच्या किंवा कंपनीच्या कामाला थोडाफार तयार करेल. बीडच्या किंवा कुडाळच्या कोर्टात तो पहिल्याच दिवशी तोकडा पडेल.

पायरी ७: पैसे भरण्याआधी महिनाभर काम करून पाहा

हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. पुढची पाच कामं फुकट करता येतात, आणि ती करताना तुम्हाला स्वतःबद्दल जे कळेल ते कोणताही समुपदेशक सांगणार नाही.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर एखादं प्रकरण उघडा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो. मागच्या सगळ्या तारखांना काय झालं ते वाचा आणि पुढच्या तारखेला काय होणार ते चार ओळींत लिहा. एखाद्या वकिलाला दाखवून बरोबर आहे का विचारा.

घरच्या जमिनीचा सातबारा, आठ-अ आणि मागचे फेरफार काढा. आजोबांपासून आजपर्यंत नाव कसं आलं याची साखळी एका पानावर मांडा. कुठे वारस नोंद राहिली, कुठे बोजा कमी करायचा राहिला, हे बहुतेक घरांत सापडतंच.

चेक न वटल्याच्या प्रकरणाच्या तारखा मोजायला शिका. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे देण्याची मुदत, आणि ती संपल्यावर एक महिन्याच्या आत तक्रार. पाच वेगवेगळ्या काल्पनिक तारखा घेऊन हे गणित करा. वकिलांच्या ऑफिसात सगळ्यात महाग पडणारी चूक मुदतीची असते, आणि ज्याच्या हातून ती होत नाही त्याला ऑफिस सोडत नाही.

दोन पानांचं मराठी प्रतिज्ञापत्र युनिकोडमध्ये, एकही चूक न करता टाइप करा. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश ऑनलाइन पाहता येतो, आणि कायद्यांचा मूळ मजकूर 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे.

पाचवं, दोन-तीन दिवस दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर बसून या. काम उघड्या न्यायालयात चालतं, फोन बंद ठेवून शांत बसणाऱ्याला सहसा कुणी हटकत नाही. पुकारा झाल्यावर काय होतं, क्लार्क काय हातात देतो, वकील कशासाठी मागे वळून बघतात, हे बघा.

ही कामं करताना कंटाळा आला तर कोर्सने तो जाणार नाही. आणि 'अजून हवं' असं वाटलं, तर कोणत्या विषयात हवं तेही आता तुम्हाला ठाऊक असेल.

पायरी ८: भरायचेच असतील तर असे भरा

एकरकमी भरू नका. दोन-तीन हप्ते संस्थेकडूनच मागा. 'झिरो कॉस्ट ईएमआय' म्हणून पुढे केला जाणारा फॉर्म बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं. कोर्स आवडला नाही म्हणून तुम्ही सोडला तरी हप्ते चालू राहतात आणि चुकले तर सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) बिघडतं. ॲपवरून कर्ज घेतलंच असेल तर करारात सुरुवातीची 'कूलिंग-ऑफ' मुदत शोधा. तिच्या आत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं.

फी परताव्याचा नियम लेखी घ्या, पावती संस्थेच्या पूर्ण नावाने घ्या, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी जपून ठेवा. कबूल केलेलं मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे हेच तीन कागद कामाला येतात.

पायरी ९: प्रवेश घेतल्यानंतर

वर्ग सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यापासून एक कामाची फाइल बनवा. तुम्ही स्वतः तयार केलेला नकलेचा अर्ज, तारखांचा तक्ता, शोध अहवालाचा मसुदा, एखाद्या निकालाचा पानभर सारांश, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राचा नमुना, हे तिच्यात ठेवा. खऱ्या प्रकरणातलं काही असेल तर नावं, गट क्रमांक, पत्ते सगळं काढून टाका. पक्षकाराचं नाव दिसणारी फाइल मुलाखतीला नेणारा उमेदवार त्याच क्षणी नापास होतो.

कोर्स चालू असतानाच आठवड्यातले दोन अर्धे दिवस एखाद्या ऑफिसात मागून घ्या, बिनपगारी असले तरी चालतील, पण मुदत ठरवून, दोन महिन्यांपुरतेच. संपताना त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या: कोणतं काम केलं, किती काळ केलं. मुलाखतीत सर्टिफिकेट आणि हे पत्र दोन्ही ठेवा, आणि पगाराचं बोलणं निघालं की महिन्याच्या आकड्यासोबत आणखी दोन गोष्टी विचारा: कोर्टात क्लार्क म्हणून नोंदणी करून द्याल का, आणि सहा महिन्यांनी काम पाहून पगार वाढवण्याचं आजच ठरवता येईल का.